सोलर बसवायच्या आधी एकदा सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये जाऊन कॉम्प्रेसर ऐका

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), चार जुने लेथ, आणि घर विश्रामबागला. गेल्या चार-पाच वर्षांत घरावर सोलर, शेडवर सोलर, एक इलेक्ट्रिक स्कूटर आणि एक इलेक्ट्रिक तीनचाकी टेम्पो असं सगळं एकेक करून झालंय, त्यामुळं ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतंयच की "किती किलोवॅट बसवू?" आणि मी प्रत्येकाला उलट विचारतो, सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून भरणारं मशीन, चालू करून कधी ऐकलाय का? समोरच्याला वाटतं हा विषय टाळतोय. पण माझं म्हणणं एवढंच आहे की आधी हवेची आणि विजेची गळती बंद करायची आणि मग सोलर घ्यायचं, हा क्रम उलटा झाला की आयुष्यभर गळतीसाठी पॅनेल विकत घेतल्यासारखं होतं. आम्ही उलटा क्रम केला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आता कुणी म्हणेल आपल्याकडं काय कमी आहे, शेजारी कोयना आहे १,९६० मेगावॅटची, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, जत-कवठेमहांकाळकडं आहेत, साखर कारखाने बगॅसवर वीज करतात. सगळं खरं आहे. पण ग्रिड एकच असतं आणि देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे, त्यामुळं आपण जे एक युनिट वाया घालवतो त्याच्यामागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलचा एक लिटर जाळला की २.३ किलो, डिझेलचा एक लिटर साधारण २.७ किलो. हे तीन आकडे पाठ ठेवा, पुढं कुठलाही निर्णय घेताना एवढ्यावर अंदाज लागतो.

पहिलं काम म्हणजे बिलं. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढायची, घराची वेगळी, शेडची वेगळी, आणि एका वहीत फक्त युनिट लिहायचे. रुपये नाही लिहायचे, कारण दर बदलत राहतात, स्थिर आकार वेगळा, इंधन समायोजन वेगळं, त्यात गोंधळ होतो. युनिटची ओळ बघितली की कळतं एप्रिल-मेला घर किती चढतंय, दिवाळीत शेड आठ दिवस बंद असूनही किती युनिट पडलेत. आमच्या वहीत मला पहिला धक्का तिथंच बसला, शेड बंद आणि मीटर चालू. मग एक क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) घ्यायचा, हजार-दोन हजारात चांगला मिळतो, आणि आपल्या वायरमनला सोबत घेऊन एकेक फीडरचा (पॅनेलमधनं निघणाऱ्या लाइनचा) अँपिअर बघायचा. उघड्या पॅनेलमध्ये स्वतः हात घालू नका, ते काम त्याचंच आहे.

आता कॉम्प्रेसर. मशीन शॉपमध्ये, गॅरेजमध्ये, पॅकिंगवाल्याकडं, रंगकाम करणाऱ्याकडं, सगळीकडं हवा लागते आणि हवा फुकट आहे असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. हवा फुकट आहे पण दाबलेली हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग वीज आहे, कारण मोटरला दिलेल्या विजेतला बराचसा भाग उष्णता होऊन जातो आणि थोडाच कामाला येतो. सात बारला (बार म्हणजे दाबाचं माप) साधारण तीन मिलिमीटरचं एक भोक असेल तर ते ढोबळमानाने तीन किलोवॅट खातं. दिवसाला दहा तास शेड चालली तर तीस युनिट. एक किलोवॅट सोलर आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं, म्हणजे बघा, त्या एका भोकासाठी साडेसात किलोवॅटची पॅनेल लागतील. साडेसात किलोवॅट! आणि ते भोक बंद करायला लागतोय एक पीयू पाइपचा तुकडा आणि एक पुश फिटिंग.

टेस्ट अशी करायची. सुट्टीच्या दिवशी जा, मशीन सगळ्या बंद, पण मशीनकडं जाणारे हवेचे व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवा, कारण गळती बऱ्याचदा मशीनच्या आतच असते. कॉम्प्रेसर चालू करा, टाकी भरू द्या. आता हवा कुणीच वापरत नाहीये, म्हणजे एकदा टाकी भरली की कॉम्प्रेसर परत लोडवर, म्हणजे हवा भरायला, यायलाच नको. पण येतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि लिहा, लोडवर किती वेळ चालला आणि किती वेळ गप्प बसला, असं चार-पाच वेळा. लोडचा वेळ भागिले लोड अधिक गप्प वेळ, गुणिले शंभर, एवढे टक्के तुमची गळती. एक मिनिट लोड आणि तीन मिनिटं गप्प असेल तर पंचवीस टक्के, म्हणजे कॉम्प्रेसरच्या ताकदीचा चौथा हिस्सा पत्र्याखाली फुसफुसत चाललाय. दहा टक्क्यांच्या आत आणायचं ध्येय ठेवा.

शोधायचं कसं, तर आमच्या लेथवरच्या मामांनी जे केलं तेच सांगतो. बाटलीत साबणाचं पाणी, हातात जुना रंगाचा ब्रश, आणि शेडमधले पंखे बंद. मामा एकेका जॉइंटला ब्रश लावत गेले आणि मी मागनं खडूनं खुणा करत गेलो. भिंतीवरच्या लाइनला फारसं काही नव्हतं. व्हीएमसीच्या मागं एफआरएलच्या (हवा गाळून दाब ठरवणाऱ्या भागाच्या) बाउलखाली बुडबुडे, तीन एअर गनच्या ट्रिगरमधनं बुडबुडे, क्विक कपलिंगच्या आतलं रबर कडक होऊन चिरलेलं, आणि एका सीएनसीच्या मागं तर पाइप कापून त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली, ती कधी गुंडाळली कुणालाच आठवेना. त्या पट्टीवर ब्रश लावला तर साबणाचा फेस मुठीएवढा झाला. मामा नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "शेठ, हे आपण रोज ऐकत होतो की." खरंच ऐकत होतो, पण मशीनच्या आवाजात ते कानावर पडत नव्हतं. एका दुपारीत सोळा खुणा झाल्या, फिटिंगचा खर्च तीन हजाराच्या आत.

गळती झाली की प्रेशर बघा. बहुतेक शेडमध्ये "जास्त असलेलं बरं" म्हणून आठ बारला सेट करून ठेवलेलं असतं आणि मशीनला लागतं सहा. एक बार खाली आणलं की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने सहा-सात टक्के कमी होते. एकदम खाली आणू नका, पाव-पाव बार कमी करत जा, मशीनचा लो एअर अलार्म आला की थोडं वर घेऊन तिथं थांबा. कॉम्प्रेसर पत्र्याच्या बंद खोलीत कोंडला असेल तर त्याला बाहेरची, सावलीतली हवा ओढू द्या, आत जाणारी हवा चार अंश तापली की साधारण एक टक्का वीज जास्त लागते आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये ती खोली किती तापते ते तुम्हाला माहितीये. स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर जेवणाच्या सुट्टीत बंद करा, नुसता अनलोडवर, हवा न भरता, फिरताना सुद्धा तो पूर्ण लोडच्या तीसेक टक्के वीज घेतो. आणि अंगावरची धूळ झाडायला एअर गन वापरणं बंद करा, ते धोक्याचं पण आहे, चिप डोळ्यात गेलेला पोरगा मी बघितलाय.

मोटरबद्दल थोडक्यात. जळालेली मोटर रिवाइंड करून परत लावायची ही आपली सवय, आणि एकदा नीट केलेलं रिवाइंडिंग चालतंय, पण तीच मोटर तिसऱ्यांदा आली असेल तर नवीन आयई३ (जास्त कार्यक्षम) मोटर घ्या. कोर जास्त तापवून वाइंडिंग काढलेलं असतं, प्रत्येक वेळी एक-दोन टक्के जातात आणि दिवसाला दहा तास फिरणाऱ्या मोटरला वर्षभरात जी वीज लागते तिची किंमत मोटरच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते. पंखा, ब्लोअर किंवा पंप असेल आणि डॅम्पर किंवा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवत असाल तर तिथं ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवा. वेग वीस टक्के कमी केला की वीज जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनानं बदलते. लेथला किंवा प्रेसला ड्राइव्ह लावून हा फायदा मिळत नाही, विकणारा सगळ्यालाच लावा म्हणेल, ऐकू नका.

ज्यांचं बेदाण्याचं किंवा हळदीचं कोल्ड स्टोरेज आहे त्यांना कॉम्प्रेसर म्हणजे दुसराच, थंड करणारा, पण तत्त्व तेच. दाराचं गॅस्केट, दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, आणि गरजेपेक्षा थंड न करणं. कॉइलचं तापमान एक अंश वर ठेवता आलं तर तीन टक्क्यांच्या आसपास वाचतात. तासगावच्या एका मित्राच्या स्टोरेजला दाराची फट एवढी होती की हात जात होता, मोसमात रोज गाड्या लागतात आणि दार उघडंच.

आता पॉवर फॅक्टर, हा भाग जरा नीट वाचा कारण इथं आम्हाला फटका बसलाय. मोटरा, वेल्डिंग, जुन्या ट्यूबच्या चोक, हे सगळं काम करणाऱ्या विजेबरोबर एक बिनकामाची वीज पण ओढतं, ती लाइनमध्ये नुसती ये-जा करते पण तारा तापवते. एकूण विजेत कामाची किती, हे प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर, पीएफ. एचटी (उच्च दाबाच्या) कनेक्शनला महावितरण २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामाची आणि बिनकामाची मिळून एकूण विजेवर, बिल करतं, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर १,००० युनिट कामाचे वापरले तरी बिल १,२५० चं. तोच ०.९८ केला तर १,०२०. एलटीवाल्यांनी (कमी दाबाच्या कनेक्शनवाल्यांनी) आपल्या बिलावर केव्हीएएच किंवा पीएफची ओळ शोधायची आणि तिथला आकडा दर महिन्याला बघायचा. कपॅसिटर (बिनकामाची वीज जागेवरच पुरवणारे) लावले की सुधारतं, पण कायम चालू असलेले कपॅसिटर सुट्टीच्या दिवशी, मोटरा बंद असताना, उलटा परिणाम करतात, म्हणून एपीएफसी पॅनेल लावा, ते लोड बघून आपोआप कपॅसिटर आत-बाहेर करतं.

फटका असा की शेडवर सोलर लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात बिलावरचा पीएफ धाडकन पडला. आम्ही म्हटलं कपॅसिटर गेले, तपासले तर सगळे ठीक. मग कळलं की सोलर फक्त कामाची वीज देतं. बिनकामाची वीज आपण अजून ग्रिडमधनंच ओढतोय, आणि ग्रिडमधनं येणारी कामाची वीज मात्र कमी झाली, म्हणून मीटरला दिसणारं प्रमाण बिघडलं. हिशोबानं बघा, आधी १०० किलोवॅट कामाची आणि ३३ बिनकामाची, पीएफ ०.९५. सोलरनं ६० उचलले, ग्रिडमधनं राहिले ४०, बिनकामाची ३३ तशीच, पीएफ झाला ०.७७. ज्यानं सोलर बसवलं त्यानं याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, विचारल्यावर म्हणाला हे आमच्या कामात येत नाही. तुम्ही कोटेशन घेतानाच लिहून घ्या की सोलर लागल्यानंतरचा पीएफ किती राहील, एपीएफसीचा सीटी (करंट मोजणारी कॉइल) कुठं बसणार, आणि सोलरच्या इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरच्या-ग्रिडच्या विजेसारखी करणाऱ्या डब्याची) पीएफ सेटिंग कोण करून देणार. आमचं काम शेवटी वायरमन काकांनी एपीएफसीचा सीटी ग्रिडच्या बाजूला सरकवून आणि दोन लहान कपॅसिटर वाढवून केलं.

घरात गळती म्हणजे पंखे. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणारा नवा पंखा) तीसेक वॅट. दिवसाला बारा तास चालणारे चार पंखे बदलले की दिवसाला दोन युनिट वाचतात, म्हणजे अर्ध्या किलोवॅटचं पॅनेल बसवलं असतं तेवढं. सुरुवात त्या पंख्यापासून करा जो सगळ्यात जास्त फिरतो, आमच्याकडं तो आई-अण्णांच्या खोलीतला, देवघरातला शेवटी. गिझर असेल तर सोलर वॉटर हीटरचा विचार करा पण बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात, तेव्हा महापालिकेचं पाणी जोडता येत असेल तरच.

एवढं झालं, दोन-तीन बिलं खाली आलेली दिसली, की मग सोलर. आता कळेल किती किलोवॅट लागतं. घरासाठी पीएम सूर्यघर योजना आहे, फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान, थेट बँक खात्यात, पण सगळं बसून नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारा) लागल्यानंतर. म्हणजे आधी पैसे आपलेच घालायचे किंवा सरकारी बँकेचं कर्ज घ्यायचं, छोट्या प्लांटला तारण मागत नाहीत. पोर्टलवर आपला ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, तिथल्याच यादीतला विक्रेता निवडायचा, आणि कोटेशनवर डीसीआर पॅनेल असं स्पष्ट लिहून घ्यायचं, कारण सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं असेल तरच अनुदान मिळतं. वीजबिल ज्याच्या नावावर, बँक खातं त्याच्याच नावावर पाहिजे. आमच्याकडं मीटर अजून आजोबांच्या नावावर होता आणि नाव बदलण्यातच आमचा दीड महिना गेला, तेव्हा हे काम आजच करून ठेवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या लिफ्ट, पंप, कॉमन लाइट आणि गाड्यांच्या चार्जिंगसाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात.

जागा किलोवॅटला शंभर चौरस फूट धरा, तोंड दक्षिणेला, आणि सांगलीचं अक्षांश जवळजवळ १७ असल्यामुळं उतार पंधरा-सतरा अंशाचा. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि शेजारचं नारळाचं झाड यांची सावली डिसेंबरमध्ये कुठं पडते ते बघून ठेवा, तेव्हा सूर्य खाली असतो, मे महिन्यात बघून जागा ठरवली तर चुकेल. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना बसवल्यावर कळते, साधं ऑनग्रिड (ग्रिडला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. ते तसंच पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातनं करंट बसेल. लाइट गेल्यावर पण पाहिजे असेल तर बॅटरीचा हायब्रिड घ्या, महाग पडतो.

शेडला हे अनुदान नाही. पण कर भरत असाल तर सोलरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, सीएला विचारा, आणि सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय. शेडमध्ये काम दिवसाचं असल्यामुळं सोलर आणि लोड एकाच वेळी असतात, हा मोठा फायदा. त्यात आता बिलात वेळेनुसार दर आहेत, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच स्वस्त आणि संध्याकाळनंतर महाग असा कल आहे, तुमच्या बिलावर झोन छापलेले असतात ते वाचा. आम्ही हीट ट्रीटमेंटची छोटी भट्टी आधी संध्याकाळी लावायचो, सगळे गेल्यावर निवांत म्हणून, ती आता सकाळी अकराला लावतो. पत्रा जुना सिमेंटचा असेल तर त्याच्यावर माणूस चढवू नका, जीव जातो, आधी पत्रा बदला. लोखंडी पत्र्यावर स्क्रू मारतात त्या प्रत्येक भोकाला रबर वॉशर आणि सीलंट आहे का ते स्वतः वर जाऊन बघा, नाहीतर जुलैमध्ये सीएनसीच्या कंट्रोलवर पाणी टपकेल.

गाड्यांचं बोलू. आमचं शहर सपाट, सांगली ते मिरज दहा किलोमीटरच्या आसपास, मधे विश्रामबाग आणि बाजूला कुपवाड, म्हणजे इलेक्ट्रिक दुचाकीला यापेक्षा सोपं गाव मिळणार नाही. पुष्पराज चौकात संध्याकाळी सहाला पोरं शाळेच्या दप्तरासकट धुरात उभी असतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं, आपण प्रत्येकानं एक गाडी जरी बदलली तरी त्या चौकात फरक पडणार आहे. हिशोब असा, पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ धरली आणि पेट्रोल १०५, तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटला साधारण तीस किलोमीटर, युनिट ११ रुपये धरा, किलोमीटरला ३५-४० पैसे. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला दिवसाला ९३ विरुद्ध १५. कोळशाची वीज धरून सुद्धा कार्बन निम्म्याच्या खाली येतो, आणि घरच्या सोलरवर दिवसा चार्ज केली तर आणखी खाली. रोज पाच-सहा किलोमीटरच फिरत असाल तर मात्र चालू स्थितीतली जुनी गाडी टाकून नवीन घेऊ नका, त्यापेक्षा सायकल काढा, सांगलीत अजून सायकलचे दुकानदार आहेत आणि चढ एक पण नाही.

घेताना बघायचं काय, तर बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे का बघा, ती उन्हाला जास्त सोसते. कंपनी सांगते त्या रेंजच्या सत्तर टक्के धरा. चार्जिंग पॉइंट १५ अँपिअरचा, नवीन वायर, चांगलं अर्थिंग, एमसीबी (जादा करंटला तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला तर तोडणारा), एक्स्टेंशन बोर्डवर कधीच नाही. उन्हातनं आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या. सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे का आणि पार्ट किती दिवसात मिळतात हे शोरूममध्ये विचारू नका, त्याच कंपनीची गाडी दोन वर्षं चालवणाऱ्या माणसाला विचारा.

माल वाहतुकीला आम्ही आधी छोटा हत्ती वापरत होतो, कुपवाड ते मिरज, मिरज ते माधवनगर, प्लेटिंगवाल्याकडं टाक, ग्राइंडिंगवाल्याकडनं आण, दिवसाला साठ किलोमीटर आणि निम्मा वेळ रिकामा. आता इलेक्ट्रिक तीनचाकी. पाचशे-सहाशे किलो आरामात नेते, परमिट लागत नाही, नंबर प्लेट हिरवी त्यावर पिवळे अक्षर. ड्रायव्हर जेवायला बसला की शेडमध्येच चार्जिंगला, वरनं ऊन आणि खालनं गाडी भरते. पण त्याहून जास्त फरक पडला एका वहीनं. त्या वहीत आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या फेऱ्या लिहायच्या आणि एकाच वाटेवरच्या एकत्र करायच्या, बाजूच्या दोन शेडवाल्यांना पण विचारायचं तुमचं काही आहे का मिरजेला. सातच्या चार फेऱ्या झाल्या. कोल्हापूरला भरून जाऊन भरून यायचं असेल तर ही गाडी ताणू नका, अंतर जाऊन-येऊन शंभर होतं. पुण्याला माल असेल तर स्वतःची गाडी अर्धी रिकामी पाठवण्यापेक्षा ट्रान्स्पोर्टला पार्ट लोड द्या, किंवा मार्केट यार्डात पुण्याकडनं माल उतरवून परत जाणाऱ्या गाड्या असतात त्यांना विचारा, ती गाडी तशीही जाणारच आहे.

स्वतः पुण्याला जायचं तर एकट्यानं कार काढणं मी बंद केलंय. जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर किलोमीटर, तीस लिटर पेट्रोल, सत्तर किलो कार्बन, आणि खंबाटकीच्या घाटात वैताग. मिरज-पुणे लाइन आता विजेवर आहे, सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत पण सुरू झालीये, मिरज, सांगली, कराड, सातारा सगळीकडं थांबते. स्टेशनपर्यंत स्कूटर, तिकडं उतरून बस.

आता बसवल्यानंतरचं. नोव्हेंबरला गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या धुराड्यांतनं काजळी उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात ते तुम्ही बघितलेच असतील, तीच काजळी पॅनेलवर बसते आणि दव पडलं की चिकटते. आमच्या घरच्या प्लांटचं जानेवारीतलं उत्पादन ऊन स्वच्छ असून कमी यायला लागलं, वर जाऊन बोट फिरवलं तर बोट काळं. हंगामात दर आठ-दहा दिवसांनी पहाटे, पॅनेल गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ मॉपनं पुसायचं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. साबण, बोअरचं जड पाणी टाळा, पांढरे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

आणि शेवटचं, आपल्या गावासाठी खास. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत आलं, आणि तरीही मी पूरपट्ट्यातल्या घरांत इन्व्हर्टर तळमजल्याच्या जिन्याखाली लावलेला बघतो. बसवणाऱ्याला केबल कमी लागते म्हणून तो तिथं लावतो. तुम्ही त्याला २०१९ ची पाण्याची खूण दाखवा आणि म्हणा याच्या वर दोन फूट, केबलचे पैसे आम्ही देतो. स्कूटरचा चार्जिंग पॉइंट पण त्याच हिशोबानं वर. पुलाजवळची पातळी चाळीस फुटांकडं निघाली की गाड्या आधी उंचावर नेऊन लावायच्या, पाणी दारात यायची वाट बघायची नाही. घर सोडायच्या आधी इन्व्हर्टरचा एसी ब्रेकर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडनं येणारी वीज तोडणारा स्विच) बंद, मग मेन स्विच. हे केलं तरी दिवसा पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतच्या तारेत करंट असतोच, तेव्हा पाण्यात उभं राहून त्या तारेला हात लावायचा नाही आणि पोरांना लावू द्यायचा नाही. पाणी उतरल्यावर लगेच चालू करायचं नाही, आधी सगळं सुकू द्यायचं, वायरमनकडनं मेगर मारून, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासून, घ्यायचं, आणि जी गाडी बुडली होती ती सर्व्हिस सेंटरनं बॅटरी तपासल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. हा सगळा क्रम एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतनं चिकटवा, कारण रात्री दोनला पाणी चढतं तेव्हा घरात कोण असेल सांगता येत नाही, आमच्याकडं पुराच्या रात्री फक्त आई आणि अण्णा होते.